मागचा डावा स्पीकर

मी भूकरमापक आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर शेतांची मोजणी करणारा माणूस. बांध सरकला की नाही यावरून दोन भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर जातात, आणि मी मोजून सांगतो – दगड इथे. त्यामुळे ‘कुणीतरी दिसलं’, ‘कुणीतरी बोललं’ असल्या गोष्टींना माझ्याकडे कधी थारा नव्हता. जंगलाकडच्या शिवारात मजूर म्हणायचे, “त्या मोहाच्या झाडाखाली नोका बसू साहेब.” मी मुद्दाम तिथेच बसून डबा खाल्लाय. काही झालं नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, म्हणजे झालं.

मूळचा अमरावतीचा. वय त्रेचाळीस. लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसात आलो. स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांचं स्लॅबचं घर भाड्याने घेतलं. मालगाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरतात, नाहीतर दिवसभर चिडीचूप. ऑफिसात लोक येतात, भांडतात, जातात. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही, असं कित्येकदा व्हायचं. सुट्ट्या जोडून आल्या की सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा खरखरायचा.

माझ्याकडे एक साधा कॉम्प्युटर होता. गेल्या वर्षी गोंदियाहून त्याला ५.१ स्पीकर आणले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – समोर तीन, पाठीमागे दोन आणि खाली ढोलासारख्या खालच्या आवाजांसाठी एक बूफर. हौस म्हणाल तर हौस. पण खरं कारण वेगळं होतं. पाठीमागून आवाज आला की घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. मी बाजाराची, पावसाची, लग्नघरातल्या गडबडीची रेकॉर्डिंग लावून बसायचो. मागे भांडी वाजायची, कुणी हसायचं... मी मान वळवायचो नाही. वळवली की खेळ संपतो.

स्पीकर बसवले मात्र अगदी मोजून. फरशीवर खडूने खुणा, प्रत्येकाचं अंतर, कोन – सगळं. या सगळ्या आवाजांच्या बरोबर मध्ये एक जागा येते, तिथे खुर्ची ठेवायची. एकच मावते.

आता घराची मांडणी नीट सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. मी उत्तरेकडे तोंड करून बसायचो. म्हणजे मागचा डावा स्पीकर पश्चिमेच्या भिंतीजवळ. त्या बाजूला मोकळा प्लॉट. शेजार होता तो पूर्वेला, मध्ये चार हातांची बोळ सोडून. तिथे खोब्रागडे काका एकटे राहायचे.

काका रेल्वेचे गेटमन होते, रिटायर झालेले. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. नऊ वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक, त्यावर दुपट्टा. आवाज अजिबात नाही – कुजबुजसुद्धा नाही. खिशात एक लहानशी वही असायची, त्यात लिहून बोलायचे. मी येता-जाता हात करायचो, तेही करायचे. दोन वर्षांत ओळख तेवढीच.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत स्पीकर चालू होते. त्यांनी वही काढली, लिहायला लागले. मला उलटं दिसलं – ‘तुमच्या इथल्या आवाजानं...’ मी पुढचं वाचलंच नाही. “सॉरी काका, कमी करतो,” म्हणालो आणि आत जाऊन आवाज कमी केला. परत वळून पाहिलं तेव्हा ते अजून दारात उभे होते, पेन हातात. मग गेले. त्या दिवसापासून मी हळूच लावायचो.

आता तो रविवार. मे महिना, दुपारचे अडीच. बाहेर कुत्रंही नाही. ऑडिओवाल्यांच्या एका ग्रुपवर मी या स्पीकरबद्दल लिहायला घेतलं होतं – सेंटर स्वच्छ, बूफर जरा जास्तच घुमतो, मागचे दोन थोडे हलके. मागच्यांची खात्री करायची म्हणून टेस्ट क्लिप लावली. त्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते, त्याच स्पीकरमधून. दोन नावांच्या मध्ये चार-पाच सेकंद शांतता.

‘रिअर लेफ्ट’ झालं. शांतता. आणि त्या शांततेत मागच्या डाव्यातून एक पुरुषाचा आवाज आला.

“मैना... ए मैना...”

मला वाटलं, क्लिपमध्येच काहीतरी आहे. पुन्हा लावली. काही नाही. बंद केली.

“मैना... ये ना वो बाई... पडलो मी...”

जाडा, घोगरा आवाज. ‘मै’ लांब ओढलेला, ‘ना’ खाली टाकलेला. प्लेअर तर बंद होता. स्पीकरच्या वायरी कधीकधी रेडिओ पकडतात, हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरमागची काळी पिन उपटली. तरी आवाज. बूफरचं मेन बटन बंद केलं, लाल दिवा विझला. तरी आवाज. मग मी त्या स्पीकरपाशी गेलो आणि मागच्या चिमट्यातून वायरची दोन्ही टोकं ओढून काढली.

आता तो नुसता डबा होता. तसाच उचलून हातात धरला.

“मैना... पाणी...”

तळहाताला पडदा थरथरलेला जाणवला. तेवढं मला अजून जसंच्या तसं आठवतं. स्पीकर पलंगावर फेकला आणि अनवाणी बाहेर पळालो.

अंगणातली फरशी अशी तापली होती की मी उड्याच मारत होतो. पश्चिमेला प्लॉट रिकामा. रस्ता रिकामा. घराला वळसा घालून बोळीत आलो तर पायाला गार लागलं – पाणी. काकांच्या मोरीतून बोळभर पाणी वाहत होतं. मे महिन्यात! अंघोळीचं पाणीसुद्धा बादलीत धरून कढीपत्त्याला घालणारा माणूस तो.

दाराला आतून कडी. मी “काका! काका!” ओरडलो, आणि मग लक्षात आलं की ते आत असले तरी उत्तर कुठून येणार...

समोरच्या पटले काकू डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. “काय झालं जी साहेब?”

“काका आत आहेत का?”

“सकाळपासून दिसले नाही ना जी. मी म्हटलं, लेकीकडे गेले असतील बालाघाटले.”

त्यांच्या यजमानांनी लोखंडी सब्बल आणली. दोन दणक्यांत कडी तुटली.

काका न्हाणीत पडलेले होते. एक पाय भलत्याच दिशेला. नळ चालू, अंघोळीचा मग दूर दाराशी पडलेला – फेकून आवाज करायचा प्रयत्न केला असणार. डोळे उघडे होते. मला पाहून ओठ हलले. पटले काकू भिंतीला धरून म्हणाल्या, “मरून जात होता ना बुढा... अन् कोणाले मालूमच नाही.”

ॲम्ब्युलन्समधून गोंदियाला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी सातपासून पडलेत, संध्याकाळपर्यंत काही टिकले नसते.

सहा वाजता त्यांची मुलगी बालाघाटहून आली. सुषमाताई. माझे हात धरून रडली. “तुमाले कसं कळलं जी?”

“पाणी वाहताना दिसलं,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? पण चहा घेताना राहवलं नाही. विचारलं, “ताई, मैना कोण?”

तिचा कप तसाच राहिला. “काऊन? तुमाले कोणी सांगितलं?”

“असंच... ऐकलं कुठेतरी.”

“कसं ऐकान जी? मले मैना फक्त बाबा म्हणत. आई पण सुषमाच म्हणे. आवाज गेल्यापासून बाबा लिहितात ना, ते पण सुषमाच लिहितात. नऊ वर्षं झाली ते नाव ऐकून.”

मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, घाबरली नाही.  पटले काकूंनी काकांच्या कपड्यांची पिशवी पाठवली होती, तिच्यातून त्यांची वही काढून चाळायला लागली, आणि एक पान माझ्यापुढे धरलं. “हे तुमच्यासाठी होतं का?”

एप्रिलमधलं पान. मी आत निघून गेल्यावर, माझ्या दारात उभं राहून पूर्ण केलेलं वाक्य –

‘तुमच्या इथल्या आवाजानं बरं वाटते. कधी बसाले येऊ का?’

मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसलो. 

नंतर मी सगळं तपासलं. गोंदियाच्या मेकॅनिककडून स्पीकर उघडून घेतला. आत चुंबक, तारेची गुंडाळी, कागदी पडदा, बाकी काही नाही. वायरच नसताना आवाज निघेल कसा, यावर तो माझ्याकडेच विचित्र नजरेने बघायला लागला. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं, तर मी कूलरसमोर बसलो होतो. भास म्हणावा, तर ते नाव मला कुठून सुचलं? पटले काकूंनाही ते माहीत नव्हतं. आणि ज्या माणसाच्या गळ्यात आवाज तयार करणारी वस्तूच शिल्लक नाही, त्याचा आवाज पूर्वेचं घर सोडून पश्चिमेच्या कोपऱ्यातून का यावा? पुढे कितीतरी दुपारी मी खुर्ची उलटी करून त्या स्पीकरसमोर बसलो. काही आलं नाही. काहीतरी यावं असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो.

काकांना सुषमाताई बालाघाटला घेऊन गेली. शेजारच्या घराला आता कुलूप आहे. पाऊस उलटल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. वॉकर धरून दारापर्यंत आले, मला खाटेवर बसवलं. ताई आत पोळ्या करत होती. मी हळूच विचारलं, “काका, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती का?”

त्यांनी वहीत लिहिलं, ‘तुमाले नाही साहेब. मैनाले. मनातल्या मनात.’

खाली आणखी एक ओळ – ‘तुमाले कसं आयकू आलं?’

“माहीत नाही काका,” मी म्हणालो. “खरंच माहीत नाही.”

त्यांनी पान उलटलं. या वेळी दोनच शब्द लिहिले. ‘कसा होता?’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं – ते स्वतःच्या आवाजाबद्दल विचारत होते. मी सांगायला लागलो, जाडा होता, जरा घोगरा... पण ते शब्दांत सांगता येईना. शेवटी मी तो जसा ऐकला होता तसा काढून दाखवला. ‘मै’ लांब ओढून, ‘ना’ खाली टाकून.

“मै—ना...”

“आली जी बाबा!” आतून ताईने ओ दिली.

लाटणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत उभी राहिली. काकांनी दुपट्ट्याने तोंड झाकून घेतलं होतं, खांदे हलत होते.

आवाज बिलकुल नव्हता.