डब्लिन नको, शॅनन नको: आमचा विमानतळ इनव्हेरिनचा

परतीला आठ दिवस उरले तेव्हा मी जेवताना जाहीर केलं, "बेट पाहिल्याशिवाय मी फलटणला येत नाही!"

त्याचं असं आहे. मी शाळेत मराठी शिकवायचो. पाचवीला बेटाची एक कविता होती. वर्ग ती बाकं वाजवत म्हणायचा आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "गुरुजी, तुम्ही पाहिलंय का बेट?" मी म्हणायचो, "पुढचं कडवं म्हण." आमच्या कुमुदला एसटी लागते, होडी तर धक्क्याला बांधलेली बघूनही लागते. तिला किनाऱ्यावर बसवून एकट्याने जायचं मला कधी जमलं नाही.

मुलगी मानसी आणि जावई नचिकेत गॉलवेला असतात. नचिकेत म्हणाला, "ॲरन बेटांवर विमानही जातं, बाबा. इनव्हेरिनहून. आठ-दहा मिनिटांत पोचाल. बोटीच्या जवळपास दुप्पट तिकीट, पण आईंना ग्रँड!"

"एवढ्याशा देशाला विमानतळ तरी किती?" कुमुदने विचारलं. ते दाखवायलाच त्याने शनिवारी गाडी काढली. कुमुद पुढे बसली. समोरचा रस्ता दिसला, की तिला त्रास होत नाही.

आधी लिमरिकच्या पुढे फॉइन्स. इथे धावपट्टी नव्हतीच. अटलांटिक ओलांडणारी विमानं बदकासारखी नदीवर उतरायची. गारठलेल्या प्रवाशांना म्हणे कॉफीत व्हिस्की घालून द्यायचे. संग्रहालयात तसल्या विमानाची प्रतिकृती आहे, आत शिरता येतं. मी खिडकीशी बसलो आणि तिथेच तंद्री लागली. मग नदीपलीकडचं शॅनन. अमेरिकेला जाणारी विमानं इंधनासाठी इथे थांबायची, तेव्हा या आडगावात जगभरची माणसं चहा पिऊन जात. पुढे विमानांच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि थांबायची गरज सरली. आमच्या फलटणात बायपास झाल्यावर जुन्या नाक्यावरची हॉटेलं अशीच ओस पडली होती. शॅनन मात्र टिकून आहे. नचिकेतने उत्तरेकडच्या नॉकचीही गोष्ट सांगितली. एका धर्मगुरूने धुक्यातल्या दलदलीच्या टेकडीवर विमानतळ करायचा हट्ट धरला, सगळे हसले, आणि आज तिथे विमानं उतरतात. येताना गॉलवेचा स्वतःचा विमानतळही लांबून पाहिला. तिथून आता प्रवासी विमान उडत नाही.

येणाऱ्यांसाठी सांगतो. भारतातून डब्लिनच सोयीचं. तिथून गॉलवेला थेट बस आहे, तीनेक तास धरा. शॅनन तासाभरावर, पण विमानं कमी. लंडनमार्गे असाल तर ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी करा.

रविवारी समुद्राकाठच्या अरुंद रस्त्याने पाऊण तासात इनव्हेरिन. आपल्याकडचं तालुक्याचं बसस्थानक याहून मोठं! पण ढग खाली आलेला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तो उठला की निघू. नाहीतर आज नाही." उद्यापासून मानसी-नचिकेतची नोकरी. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. कुमुद आवळासुपारी चघळत म्हणाली, "तुम्ही जाऊन या हो. मी थांबते."

"जायचं तर दोघांनी," मी म्हणालो.

तासाभराने ढग उठला आणि बाईंनी एकेकाला वजनकाट्यावर बोलावलं. छोटं विमान, वजन पाहूनच जागा देतात. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हिचं वजन मला माहीत नाही. "तिकडे तोंड करा," तिने फर्मावलं. मी भिंतीकडे वळलो.

"हातातलंही धरून उभ्या राहा," बाई म्हणाल्या. हातात धपाट्यांचा भरलेला डबा. लगेच माझ्या पाठीला कोपर लागलं. "हा डबा धरा. तुमच्या नावावर जाऊ दे!"

त्या डब्याने चमत्कार केला. मला मागची जागा मिळाली आणि सर्वांत हलकी म्हणून कुमुदला थेट पायलटच्या शेजारची! समोर सगळी काच.

विमान उडालं. मला दिसत होता फक्त तिचा अंबाडा. तो जरा थरथरला आणि मग ताठ झाला. खाली पाणी चकाकत होतं. एकाएकी तिने हात उंचावला आणि बोटाने पुढे दाखवलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही आलं नाही, पण मला कळलं. मागून मी मोठ्याने आख्खी कविता म्हटली, पुढच्या कडव्यासकट.

खाली उतरताच ती ओरडली, "अहो, काही झालं नाही मला! काही म्हणजे काही नाही!" करड्या दगडांच्या गडग्याआड, वाऱ्याला पाठ देऊन, आम्ही धपाटी खाल्ली. राजाला मिळणार नाही अशी पंगत!

आता फलटणला परतलोय. परवा मंडईत एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचेच केस पिकलेले. म्हणाला, "गुरुजी, बेट पाहिलंत का शेवटी?"

"पाहिलं!" मी छाती फुगवून म्हणालो.

कुमुद मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाली, "आधी मी पाहिलं. हे मागे होते, डबा धरून."