धुतलेल्या बांगड्या

मला चिडायला फार काही लागत नाही, हे आमच्या ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हवालदारीणबाईच्या नादी लागू नका, असं नव्या शिपायांना आधीच सांगून ठेवतात. पण मी सगळ्यात जास्त कशावर चिडत असेन तर झाडूवर. आमच्या भागात घरात माणूस दगावलं की आधी जागा झाडायची, सारवायची, तिथं मयताला निजवायचं, पाव्हण्यांना कळवायचं आणि मग सगळ्यात शेवटी पोलीस. ट्रेनिंगला आम्हाला पहिला धडा दिला होता तो याच्या बरोबर उलटा. येणारा माणूस त्या जागी काहीतरी टाकून जातो, जाताना काहीतरी घेऊन जातो. म्हणून कशालाच हात लावायचा नाही. आता हे गावाला कोण सांगणार?

कंधारजवळच्या एका गावातून फोन आला. तरणी सून पाणी शेंदताना विहिरीत पडून गेली, असं नवऱ्याचं म्हणणं. लग्नाला सात वर्षं झाली नसली की मयताच्या पंचनाम्याला तहसीलदार लागतो. ते नांदेडला बैठकीत होते. फॉरेन्सिकची गाडीही तिकडूनच यायची होती. आम्ही पोचलो तोवर पोरीला विहिरीतून काढून घरात आणून निजवलंही होतं. माहेरचे चाकूरहून जीप करून आमच्या आधी हजर. का, तर पहिला फोन माहेरी, मग ठाण्याला.

बायकांच्या घोळक्यातून मी आत गेले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. खोली लख्ख झाडलेली, भुई ओली सारवलेली. पोरीला न्हाऊ घातलेलं, नवी हिरवी साडी, कपाळावर मळवट, हातात हिरवा चुडा. सवाष्ण गेली की असंच करतात, मला का माहीत नाही? पण मी सासूकडं वळले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. पुरावा पुसता काय, अक्कल गहाण ठेवली काय, सगळ्यांना आत टाकते.

कोपऱ्यातून आवाज आला, "तिला कशाला बोलता बाई? म्या केलं."

ती पोरीची आई होती. हात अजून शेणानं भरलेले.

"सकाळीच पोरीचा फोन आलता. आई, मला घिऊन जा म्हनली. निघायच्या आत दुसरा फोन आला." ती रडत नव्हती. "शेवटची साडी म्हायेरची आसती. चुडा आईनंच भरायचा. यांचा हात लागू दिला न्हाई म्या तिला."

फॉरेन्सिकची गाडी तहसीलदारांसोबत आली ती वरातीमागून घोडं. त्यांनी ओल्या भुईचे फोटो काढले, विहिरीच्या काठाचे काढले आणि गेले.

पुढं ठाण्याच्या साहेबांनी आणि मी त्या गावाचे उंबरे झिजवले. एकच प्रश्न चार अंगांनी विचारायचा, उत्तर कुठं बदलतं ते बघायचं, ही आमची रीत. पण गल्ली तोंडात मूग धरून बसलेली. "आमी रानात गेल्तो," एवढंच. डॉक्टरांनी बुडून मृत्यू लिहिला. अंगावरचे ओरखडे विहिरीच्या दगडांनीही होऊ शकतात म्हणाले. नवरा मान खाली घालून तेच तेच सांगत राहिला, घरात काही भांडण नव्हतं, ती पाण्याला गेली. साहेब म्हणाले, "त्या घरात झटापट झाली हे दाखवणारी एक वस्तू आण. एकच." मला रात्रंदिवस ती सारवलेली भुई दिसायची.

मग एक दिवस आई ठाण्यात आली. पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर ठेवली. बांगड्यांचे तुकडे होते, लाल काचेचे.

"पोरीच्या हायत," ती म्हणाली. "झाडताना घावल्या. दाराच्या मागं, चुलीपाशी, सगळीकडं इखुरल्या व्हत्या."

चुलीपाशी बांगड्या फुटल्या म्हणजे विहिरीच्या आधी घरातच काहीतरी झालं होतं. मी तुकडे उजेडात धरले. एकही डाग नव्हता.

"मावशी, अशाच होत्या?"

"न्हाई. दोन-तीन बांगड्यांला रगत लागलं व्हतं. धुऊन ठिवल्या. लेकीच्या बांगड्या तशा कशा ठिवू?"

मी उठून मागच्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. मला रडू आलं होतं आणि रागही, आणि राग कुणावर ते समजत नव्हतं. परत येऊन दोन पंच बोलावले, तुकडे जप्त केले, पाकिटाला लाखेचं सील मारलं.

खटला उभा राहिला. कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं आईला अदबीनं विचारलं. खोली कुणी झाडली? म्या. अंग कुणी धुतलं? म्या. या बांगड्या त्याच खोलीतल्या, हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलं? न्हाई. रक्त होतं म्हणता, मग कुठं आहे? तिनं माझ्याकडं बघितलं. "म्या धुतलं," ती म्हणाली.

संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसली होती. मी शेजारी बसले.

"बाई, माझ्यामुळं सुटला का त्यो?"

"नाही मावशी. तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. लोक खोटं बोलतात तेव्हा कसे दिसतात हे मला चांगलं कळतं. त्या घडीला मी तशीच दिसत असणार, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही.

ती म्हणाली, "मग त्या बांगड्या तरी द्या माझ्या."

"अजून मिळत नाहीत. अपिलाची मुदत जाईपर्यंत मुद्देमालात राहतात."

"कुठं ठिवल्यात?"

"कपाटात. सील आहे त्याला," मी सांगितलं. "आता त्यांना कुणी हात लावत नाही."