कंसातला एक

आमच्या शहागंजच्या शाळेतले गणिताचे मास्तर पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दूत शिकवायचे. पुढं शाळा मराठी झाली आणि त्यांचं बीजगणित उजवीकडून डावीकडं येता येता मधेच अडकलं. सामाईक अवयव ते कंसाच्या उजव्या अंगाला लिहायचे, मग दचकून शेरवानीच्या बाहीनंच पुसायचे. नेमका कुठं लिहायचा, हे आम्हालाही कळेनासं झालं होतं.

एका गोष्टीत मात्र त्यांचा गोंधळ नसे. ५अ + ५ मधून ५ बाहेर काढला, की कुणीतरी कंसात नुसता अ ठेवायचा. मास्तर ओरडायचे, "अरे, पाच पूरा निघून गेला तरी त्याच्या जागी एक राहतो! जागा खाली नाय ठेवायची!"

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. मास्तरांना मराठीत शिकवता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. मास्तरांची नोकरी त्यावरच अवलंबून होती. मास्तरांनी तेच उदाहरण घेतलं. पाच बरोबर डावीकडं लिहिला, आणि कंसात नुसता अ.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. पण इन्स्पेक्टरांचे कान मराठीवर होते, फळ्याकडं लक्षच नव्हतं. "ठीक आहे," म्हणून ते गेले.

मास्तर फळ्याकडं वळले आणि थबकले. "तुम्हाला दिसलं नाय?"

"नाय, मास्तर," सगळा वर्ग एका सुरात बोलला.

"झूट!"

त्यांनी कंसात एक लिहिला आणि तसेच उभे राहिले. रागावले होते की आणखी काही, नुसत्या पाठीवरून आम्हाला कळेना.