भाऊजींची खांदमळण

आमच्या भाऊजींइतका धडधाकट आजारी माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. ज्वारी, तूर, थोडा कापूस, गोठ्यात एक देखणी बैलजोडी आणि हे सगळं एका जागी बसून हाकता येईल असा आवाज. भाऊजींनी कुणाच्या कानात काही गुपित सांगितलं की वेशीबाहेरचे लोक मान डोलवत. ताईला ते घरात पाणी मागत आणि चार घरांपलीकडची म्हातारी सुनेला म्हणे, "पाटील घरी आले वाटते, जेवायची वेळ झाली." पाटीलकी घराण्यात कधीच नव्हती, पण त्या आवाजाला दुसरं काय म्हणणार?

त्यांना बैलांची पारख होती. पंचक्रोशीत कुणीही जोडी घ्यायला निघाला की आधी भाऊजींना गाडीत बसवून न्यायचा. बैलाभोवती एक फेरी मारायची, खांद्यावरून हात फिरवायचा, दात बघायचे, चार पावलं चालवायचं आणि मग "घे" किंवा "नको घेऊ". तिसरा शब्द नाही. अडचण एवढीच होती की माणसंही ते याच पद्धतीने बघत. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही मंगरूळपीरला गेलो तेव्हा सगळी मंडळी मुलीला शिवणटिपण, स्वयंपाक विचारत होती आणि भाऊजी मुलीच्या बापाकडे टक लावून बसले होते. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "साळेबुवा, पोरगी काय पायता? बाप पाहा बाप. जमिनीले हात न टेकवता उठला थो. गुडघे पक्के हायेत. घ्या सोयरीक." तर माझं लग्न हे असं सासऱ्यांच्या गुडघ्यांवर ठरलं. सासऱ्यांचे गुडघे शेवटपर्यंत उत्तम राहिले. बायकोचे तिशीतच दुखायला लागले, तेव्हा मी भाऊजींकडे तक्रार घेऊन गेलो. ते शांतपणे म्हणाले, "थे आईवर गेली. आई तवा आतल्या घरात व्हती, मले दाखवलीच नाई."

आणि तूप! थंडीच्या दिवसांत त्यांच्या शेतात रोडग्यांचं जेवण असे. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरून तूप. भाऊजी तुपाचं भांडं स्वतः घेऊन पंगतीत फिरत. पत्रावळीवर हात आडवा धरणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा. "तूप खायले भेते थो नांगर काय धरीन?" असं म्हणून ते त्या हातावरच तूप ओतत. गरम तूप हातावर पडलं की माणूस हात काढतोच. माझ्या डाव्या हाताला अजून तसा एक डाग आहे.

अशा माणसाला अकोल्याच्या डॉक्टरने हृदयाचा धोका सांगितला, आणि तोही आगाऊ.

झालं असं, की शेलूबाजारला भाऊजींचे एक जिवलग मित्र होते. जैन कापडदुकानदार, सगळे त्यांना शेटजी म्हणत. काडीसारखे शेटजी दिवस मावळायच्या आत जेवून घेत, ते सुद्धा मोजून. सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात शेटजींच्या छातीत दुखायला लागलं. भाऊजींनी त्यांना एसटीत घालून अकोल्याला नेलं. वाटभर धीर दिला, म्हणजे "तुमच्या मागं दुकान कोन पाहीन" याची चर्चा केली. डॉक्टरांकडे कार्डिओग्रामचं मशीन नवीनच आलेलं होतं. शेटजींना झोपवलं, तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वायू धरलाय. भाऊजींना ते मशीन फार आवडलं. जत्रेत फोटोवाल्यासमोर बसावं तसे ते आपणहून सदरा काढून झोपले. "आलोच हाओ तं माही बी पट्टी काढून टाका."

पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती एकदा पाहिली, परत पाहिली. मग रक्त काढलं आणि चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी रक्तातली चरबी बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं, "आज तुम्हाला काहीही झालेलं नाही. पण असंच चाललं तर पुढे हृदयाला धोका आहे. तूप बंद, तंबाखू बंद, चिडायचं नाही, आणि उगाच घाबरायचंही नाही."

भाऊजींचा नेमका इथेच घोळ झाला. झालेलं काही नाही आणि धोका आहे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. "डॉक्टरसायेब," ते म्हणाले, "बैल लंगडते का नाई लंगडत, थेवढं सांगा."

"लंगडत नाही. पण लंगडू शकतो."

"मंग घेऊ का नको घेऊ?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येईपर्यंत भाऊजींनी ठरवून टाकलं होतं की दोष मशीनचा. त्यांच्या आधी त्याच तारा शेटजींना लावलेल्या होत्या, तेव्हा शेटजींचा वायू मशीनमध्ये राहिला असणार. ही शंका त्यांनी शेटजींना भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवली. मग पट्टी खिशात घालून ते मत घेत हिंडले. शिंप्याने ती लांबीला धरून पाहिली आणि रेषा सरळ नाही एवढं कबूल केलं. एसटीच्या ड्रायव्हरने ती मानोऱ्याच्या रस्त्याशी जुळवून दाखवली, कुठे खड्डा आहे ते सुद्धा सांगितलं. शेवटी ते गुरांच्या डॉक्टरकडे गेले, कारण त्याच्यावरच त्यांचा खरा विश्वास होता. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, जनावराचं असतं तं तोंडावर सांगतलं असतं." माणूस असल्याचं दुःख भाऊजींना त्या दिवशी पहिल्यांदा झालं असावं.

त्यानंतर पथ्य सुरू झालं आणि ताईचे हाल सुरू झाले. भाऊजी डोक्यावर भरली घागर असल्यासारखे चालू लागले. हसू आलं की अर्ध्यात थांबत आणि उरलेलं गिळत. एका हाताची बोटं कायम दुसऱ्या मनगटावर, नाडी चालू आहे की नाही ते बघायला, त्यामुळे दोन्ही हात अडकलेले. ताईने पाणी पाजायचं. राग तर वर्ज्यच होता, पण रागावण्याची कारणं काही बंद झाली नव्हती. सालदाराने, म्हणजे सालभरासाठी ठेवलेल्या गड्याने, लाकडी वखर उन्हात तडकायला टाकला की भाऊजी ताईला बोलावून हळूच सांगत, "जरा माह्या वाटचं चिडून दे." ताई जन्मात कुणावर ओरडलेली नाही. ती अंगणात जाऊन म्हणायची, "काहून रे बाप्पा, वखर उन्हात ठेवते काय? चहा पेला का?" सालदार चहा प्यायचा, वखर उन्हातच राहायचा. ओट्यावरून भाऊजी डोळे मिटून म्हणत, "हे चिडनं नोहे. पन तुह्या हातून इतकंच होईन."

समाचाराला येणाऱ्यांनी तर कहर केला. आमच्याकडे आजारी माणसाला धीर द्यायची एक रीत आहे. त्याच रोगाने कोण कोण गेले ते सविस्तर सांगायचं. रिसोडचा कुणी चहा पिता पिता गेला, कप हातातच राहिला. दुसरा कुणी पान लावत होता, चुना लावला आणि आटोपला. भाऊजी ऐकत, आणि गेलेले लोक जे काही करताना गेले ते करणं सोडून देत. आधी चहा सुटला, मग पान, मग बाजार. पंगतीला जाणं सुटलं. मग बोलणंही कमी होत गेलं. गावातल्या त्या म्हातारीची जेवणाची वेळ चुकायला लागली.

इथवर मी हसतच होतो. पण पोळा तोंडावर आला आणि शेटजींकडून ताईचा निरोप आला, की यायले समजावाले ये, हे जोडी इकून राह्यले. माझं हसू तिथेच थांबलं. बांड्या आणि कैऱ्या ही जोडी भाऊजींनी वासरं असल्यापासून वाढवलेली. त्या बैलांना ते विकताहेत म्हणजे माणूस आतून खचला, हे कळायला पट्टी काढावी लागत नव्हती.

मी पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचलो. भाऊजी ओट्यावर बाजेवर बसलेले, नाडी धरून. मी म्हणालो, "भाऊजी, जोडी काहून इकता?" ते म्हणाले, "माह्या मागं त्यायचं कोन पाहीन? पोळा होऊ दे. गिऱ्हाईक ठरलं हाये." आवाज इतका लहान, की मला पुढे वाकावं लागलं. त्यांचं बोलणं ऐकायला कुणाला वाकावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळण असते. बैल धुऊन आणायचे, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले त्यांचे खांदे तूप आणि हळदीने मळायचे, आणि हात जोडून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." हा मान घरधन्याचा. त्या वर्षी घरधनी बाजेवरून उठलेच नाहीत. ताईने पदर खोचला, तुपाची वाटी घेतली आणि सालदाराला बरोबर घेऊन गोठ्यात गेली. पळसाच्या पानांनी तिने दोन्ही बैल मळले, आवतण दिलं. बैलांनी माना हलवल्या. भाऊजी ओट्यावरून बघत होते.

मग ताई उरलेली वाटी घेऊन ओट्यावर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "सदरा काढा."

"काहून?"

"काढा मनते ना."

भाऊजींनी वाटीत पाहिलं. "तूप वर्ज्य हाये मले."

"खायले वर्ज्य हाये. लावाले नाई."

आणि भावासमोर, सालदारासमोर, भर ओट्यावर ताई नवऱ्याचे खांदे मळायला लागली. हात चालत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "खांद येऊन खांदा सुजला मनून बैल कोनी इकते काय? चार दिस जू काहाडते, तूप लावते, हळूहळू जुपते. तुमीच सांगता ना दुनियेले? मले तुमच्या रोगाचं भेव नाई वाटत. तुमी चुप बसता त्याचं वाटते. हे घर खायले उठते. एकडाव वरडा तरी माह्यावर." मग तिने वाटी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "आज आवतण घ्या. उद्या जेवाले या."

भाऊजींची मनगटावरची बोटं सुटली होती, कारण त्यांनी बाजेची कड घट्ट धरली होती. नजर गोठ्याकडे होती. आणि एकाएकी त्यांच्या छातीतून जे काही निघालं त्याने ओट्यावरच्या चिमण्या उडाल्या.

"अबे गध्या! त्या बांड्याचा डावा खांदा कोरडाच राह्यला ना! डोळे हायेत का कवड्या?"

सालदार आनंदाने वाटी घ्यायला धावला. ताई तोंडाला पदर लावून आत गेली, ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. चार घरांपलीकडून म्हातारीचा आवाज आला, "वाढ वं बाई, जेवायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जोडी स्वतः पोळ्यात नेली. दुपारी पुरणपोळी कोरडी खाल्ली, तिच्याकडे वैऱ्यासारखं बघत. जोडी विकली नाही. गिऱ्हाइकाला त्यांनी परत पाठवलं ते इतक्या मोठ्याने, की डॉक्टरांनी ऐकलं असतं तर पुन्हा पट्टी काढली असती. तंबाखू खरंच सुटली, तूप जवळजवळ सुटलं. पंगतीत भांडं घेऊन ते फिरतच राहिले, फक्त आपल्या पत्रावळीवरून पुढे जाताना जरा मान वळवत. आणि दर खांदमळणीला बैलांनंतर त्यांचा नंबर लागे, हे गावाने हसून का होईना, मान्य करून टाकलं.

या सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलेला धोका अजून वाटेतच आहे. डॉक्टर गेले, मोजून जेवणारे शेटजी गेले. आणि जिच्या छातीला कधी तार लावायची वेळ आली नाही ती माझी ताई, दोन दिवसांच्या तापात, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर गेली. आता गोठ्यात मुलाचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याला दात नाहीत म्हणून भाऊजी त्याच्याकडे बघत नाहीत.

तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जातो. गेल्या साली पोचलो तर म्हातारा सदरा काढून बाजेवर बसलेला, शेजारी तुपाची वाटी. मी वाटी उचलली. खांदे मळले. खांदे कसले, हाडंच उरलीत. हात जोडून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"येतो," भाऊजी म्हणाले. मग मला वाकावं लागेल अशा आवाजात म्हणाले, "थे इतके साल आवतण देत गेली. मी एकडाव बी येतो मनलं नाई. बैल कुठी बोलते, असं वाटे मले. मनाले पाह्यजे व्हतं ना, साळेबुवा?"

मी त्यांच्या खांद्याला आणखी थोडं तूप लावलं.