नेवेन्का सिस्टर आणि मोज्यांतले पाय

एक्क्याण्णवच्या लढाईत आमच्या गावातले पुरुष रणगाड्यांना घाबरले नाहीत, पण रक्त तपासायला जायचं म्हटलं की आजही त्यांना शेतातली कामं आठवतात. माझा नवरा तुना त्यातलाच. त्याच्या तुकडीतले उरलेले नऊ जण काही वेगळे नाहीत. म्हणून आरोग्य केंद्र त्यांची वाट बघत बसत नाही. दर गुरुवारी नेवेन्का सिस्टरच गावात येते.

साठीची बाई, अंगानं भरलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सात गावांतले जुने सैनिक, त्यांच्या बायका आणि विधवा एवढा तिचा संसार. लढाईत तिनं तीन महिने एका तळघरात जखमी सांभाळले. त्याबद्दल विचारलं तर म्हणते, तिथे खिडकी नव्हती, आणि विषय बदलते. आमच्याकडे कॉफी नको म्हणणं म्हणजे घरधन्याचा अपमान, म्हणून ती घरोघर अर्धा अर्धा कप पिते. तिचं स्वतःचं ब्लडप्रेशर किती, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

नेवेन्काची खरी हुशारी पिशवीत नाही, डोक्यात आहे. ती कुठल्याही पुरुषाला "तुझी तब्येत कशी आहे" असं विचारत नाही. विचारलं तर तो "झकास" म्हणणार, संपलं. ती तुनाला विचारायची मियोबद्दल. मियो म्हणजे त्याचा खंदकातला जोडीदार, आता विधुर, आमच्यापासून चौथं घर. मग तुनाची कळी खुलायची. मियो जिना चढताना धापा टाकतो, गोळ्या खणात तशाच पडल्यात, चोरून डुकराची चरबी खातो, सगळं ओकून मोकळा. तिथून ती मियोकडे जायची आणि तुनाबद्दल विचारायची. स्वतःचं दुखणं लपवण्यात हे दोघे पटाईत, पण एकमेकांच्या चहाड्या करताना थकत नसत.

पुढे तिनं दोघांना एकमेकांची ड्यूटीच लावून दिली. दोघांनाही साखरेचा आजार. तुनाला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, की मियो हट्टी आहे, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, दर शनिवारी त्याचे तळपाय तू तपासायचे. मियोला तुनाबद्दल शब्दशः तेच सांगितलं. दोघांनाही वाटायचं आपण डॉक्टर आणि समोरचा पेशंट. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं.

गेल्या सप्टेंबरात मला घरात राकियाचा वास येऊ लागला. प्लमची घरी गाळलेली दारू, तिचा वास मला गावाबाहेरूनही ओळखू येईल. तुनानं आठ वर्षांपूर्वी सोडली होती. मी त्याला फैलावर घेतलं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तोंडाचा पट्टा चालू होता, आणि तो मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला उलट बोलला नाही असा एक दिवस गेलेला नाही. मी समजले, चोरी पकडली गेली. त्यातून तो रोज तासभर मियोच्या शेडमध्ये जाऊन बसायचा. मग तर शंकाच उरली नाही.

गुरुवारी कॉफी उकळायच्या आत मी नेवेन्कासमोर मन मोकळं केलं. तिनं विचारलं, झोक जातो का? नाही. जीभ अडखळते? छे, सकाळी पाचला उठून शब्दकोडं सोडवतो. तिनं कप खाली ठेवला.

"रूझा, वास तोंडाला येतो का?"

मी विचार केला. आमच्या वयात कोण कुणाच्या तोंडाजवळ जातंय? वास यायचा तो धुण्याच्या टोपलीतून.

तिनं तुनाला अंगणातून हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि स्वतः गुडघे टेकून खाली बसली. "मोजा काढ."

तुना म्हणाला, दार उघडं आहे, वाऱ्याचा झोत लागेल. आमच्याकडे मान आखडण्यापासून मूत्रपिंडापर्यंत सगळं वाऱ्याच्या झोतानंच बिघडतं, त्यामुळे या सबबीवर कुणी वाद घालत नाही. नेवेन्कानंही घातला नाही. उठून दार लावलं, खिडकी लावली, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली. मग तुनानं मोजा काढला.

मोज्याखाली राकियात भिजवलेलं कोबीचं पान होतं. पानाखाली, करंगळीच्या मुळाशी, नाण्याएवढी काळी जखम.

मियोला बोलावलं. जखम पहिल्यांदा त्यानंच पाहिली होती, शनिवारच्या तपासणीत. पण तुनानं त्याला तुकडीतल्या मेलेल्यांची शपथ घातली. पाय गुडघ्यापासून कापतील या भीतीनं तुनाची पाचावर धारण बसली होती. त्या शपथेपुढे मियो काय बोलणार? त्यानं शेडमध्ये दवाखाना थाटला आणि आजोबा घोड्यांना लावायचे तो उपाय मित्राला लावला.

"दुखत नव्हतं, सिस्टर," तुना म्हणाला.

"दुखत नव्हतं हेच तर वाईट. साखरेनं पाय बधिर केलाय तुझा." मग ती मियोकडे वळली. "मी तुला पहाऱ्याला उभं केलं होतं. तू खंदकात त्याच्या शेजारी जाऊन बसलास."

मियो लहान मुलासारखा रडला. तेव्हा नेवेन्का खुर्चीत टेकली आणि म्हणाली, चूक तिची आहे. तोफांखाली ज्यांनी एकमेकांना सोडलं नाही, ते तिच्यासाठी एकमेकांना कसे सोडतील, हे तिला कळायला हवं होतं. मला तिघांचाही राग आला होता. सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण दोन आठवडे मी भलत्याच गोष्टीसाठी भांडत होते.

तिनं स्वतःच्या गाडीतून त्याला शहरातल्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, करंगळी जाईल. आणखी पंधरा दिवस काढले असते तर पाऊल गेलं असतं. तुना ते ऐकून हसत सुटला. त्यानं मनातल्या मनात गुडघ्यापर्यंतचा पाय केव्हाच पुरून टाकला होता.

मे महिन्यात बोसुत नदीकाठी तुकडीचं दरवर्षीचं जेवण असतं. मियो मोठ्या कढईत माशांचा पाप्रिकाश, म्हणजे लाल तिखट रस्सा करतो. आधी मेलेल्यांची नावं घेतात, मग मिनिटभर शांतता, मग खाणं. नेवेन्काला दरवर्षी बोलावतात, पण हा त्यांचा दिवस म्हणून ती येत नसे. या वर्षी तुनानं तिला स्वतः फोन केला आणि ये म्हणून हट्टच धरला.

नावं घेऊन झाली. सगळे वाडग्यांकडे वळणार, तेवढ्यात तुना बाकावर बसला, बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचा पाय सगळ्यांसमोर धरला.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा खंदकात नव्हतो इतका घाबरलो होतो. आणि मियोला मेलेल्यांची शपथ घातली, ती त्यांनाही आवडली नसती. आता तुम्ही काढा."

मग मियोनं कढईतला डाव बाजूला ठेवला आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या. त्याच्यामागून एकेक करत बाकीच्या आठ जणांनीही मोजे काढले. मी इतके ओंगळ पाय एका जागी कधी पाहिले नव्हते, आणि मला इतका आनंदही बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

नेवेन्कानं चष्मा लावला आणि गवतात गुडघे टेकले. कुणीतरी तिच्या गुडघ्यांखाली आपला कोट सरकवला. एकेक पाय मांडीवर घेऊन, बोटं फाकवून, ती पुढे सरकत राहिली. दोघांच्या पायाला जखमा निघाल्या, एकाच्या तर बायकोलाही पत्ता नव्हता. दोन्ही लहान होत्या, वेळेत सापडल्या. तिनं दोघांना सोमवारची वेळ दिली. तोवर पाप्रिकाश करपून कढईला चिकटला होता.

दहाव्याचा पाय खाली ठेवून ती उठायला गेली, पण गुडघे सरळ होईनात. तशीच बसून राहिली, आणि कुणाला हाक मारायची तिला सवय नाही. मी उठेपर्यंत ते दहाही जण तिच्याकडे अनवाणी धावले. सगळ्यांच्या आधी तुना पोचला.