आत माणसं हायत

आमच्या लातूरच्या क्लासमधलं नेटचं मशीन अडलं आणि कुणी बटणाकडं नुसतं बघितलं, तरी ते मशीन सांभाळणाऱ्या चाचांचा तळवा आडवा यायचा. "हात नका लावू. आत माणसं हायत."

तुम्ही म्हणाल, डब्यात कसली माणसं? मीही गावभर हसत फिरलो. तेव्हा लातुरात कुत्र्याला मारलेला दगड चुकला, तर फिजिक्सच्या सरांनाच लागायचा, एवढे क्लास.

मग तो रविवार. मोफत प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा. हॉलमध्ये मुखेड-देवणीकडून एसटीनं आलेली दोनशे पोरं. मध्येच निम्म्यांची उत्तरं पोचेनात. वेळ संपली की परीक्षा बंद, पुन्हा संधी नाही. मला फुटलेल्या घामात मांजरा धरण भरलं असतं.

"बंद करून चालू करतो," मी म्हणालो.

"न्हाई सर. शंभर पोरांचं चालू हाय. त्यांचीबी नोंद पुसंल."

काळ्या पडद्यावर टाइप करता करता त्यांनी नोंद म्हणजे काय ते सांगितलं. हॉलमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांना बाहेरच्या जगात एकच पत्ता. मशीनचा गाभा, म्हणजे कर्नल, दारात प्रत्येकाचा पत्ता बदलतो आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते लिहून ठेवतो. भूकंपानंतर चाचा पत्र्याच्या शेडांत टपाल वाटायचे. पत्रावर पत्ता पडलेल्या गावाचा, माणूस नव्या शेडमध्ये. मेळ एका वहीत. गावच राहिलं नाही तर वही कशाला, म्हणून एका साहेबानं ती चुलीत घातली. चाचांच्या हाती पोतंभर पत्रं उरली.

एका पोरीच्या उत्तराचं पाकीट धरून ते गाभ्यात पायरी पायरी उतरले. आत आलं. नोंद झाली. पत्ता बदलला. मग त्यांचं बोट थांबलं.

"अंगावर पत्ता पहिल्या लाइनीचा, अन् बाहेर पडलंय दुसरीनं. जवाब कसा येईल? नेटची दुसरी लाइन कुणी जोडली?"

मीच. वेग वाढावा म्हणून, दहा मिनिटांपूर्वी, गुपचूप. मी वायर उपसली. हॉलमधून एकेक करत "गेलं, गेलं" ऐकू येऊ लागलं. अकरा मिनिटं उरली होती.

चाचा गेल्या उन्हाळ्यात वारले. परवा ते मशीन भंगारात निघालं. भंगारवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी हॉलमधले कॉम्प्युटर बंद करून पडद्यावर त्यांच्या नोंदी एकेक गळताना बघत बसलो. शेवटची गेली. बटणावर बोट ठेवलं, आणि कुणी तळवा आडवा घालतंय का म्हणून जरा थांबलो.