वहीतून गाळलेला शॉर्टकट

ऑफिसात त्यांना सगळे कंट्रोलकाका म्हणत. डाव्या हाताची करंगळी कायम कीबोर्डाच्या कोपऱ्यातल्या कंट्रोल बटणावर, म्हणून. माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामच्या, काळ्या पडद्यावर आज्ञा द्यायच्या, आणि त्याही पूर्ण टाइप करायच्या नाहीत. दोन बटणं दाबली की ओळच्या ओळ हजर! एकतीस वर्षांत असे त्रेपन्न शॉर्टकट त्यांनी स्वतः बसवले होते.

निवृत्त होताना ते सगळे वहीत उतरवून दिले. सगळे म्हणजे बावन्न. त्रेपन्नावा, दर एक तारखेला सगळ्या सर्व्हरवरच्या माहितीची नक्कल काढणारा, त्यांनी मुद्दाम गाळला. आता काय म्हणावं या माणसाला! कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो. त्यांच्या जागी आलेली बाई अडेल, फोन करेल, आपण चुटकीसरशी सांगू, एवढाच डाव. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा लांब, आणि आपल्यावाचून कुणाचं काही अडतं की नाही हे त्यांना एकदा कळायला हवं होतं.

एक तारखेला काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फोनसाठी! आंघोळसुद्धा दार किलकिलं ठेवून उरकली. साडेदहाला फोन वाजला तसे धडपडत धावले. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा कुणीतरी होता.

"लाइन अडवू नका हो, महत्त्वाचा फोन यायचाय," काका खेकसले.

बारा वाजले, एक वाजला. शेवटी दोन वाजता न राहवून त्यांनीच ऑफिसला फोन लावला.

"काका! तब्येत काय म्हणते?" नवी बाई खुशीत होती.

"ठणठणीत. आज एक तारीख ना... कुठे अडलं नाही ना?"

"छे हो, अकराच्या आत आटपलं! वहीत तो शॉर्टकट नव्हता, तेव्हा क्षणभर धाबं दणाणलं माझं. मग 'बाइंड'ची आज्ञा दिली, तशी शेलनं तुम्ही बसवलेले सगळे शॉर्टकट पुढ्यात टाकले. तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलंत की, शेललाच विचारायचं, माणसांच्या मागे धावायचं नाही."

"लिहायला विसरलात ना?"

"हो गं. वय झालं आता."

"मी लिहून टाकलाय. आणि रागावू नका हं, कंट्रोलनं माझी करंगळी दुखते, म्हणून तो एफ-पाचवर हलवलाय."

"बरं केलंस. आपल्या बोटांना सोयीचं तेच खरं."

"या की एकदा इकडे!"

"येतो, येतो."

असं बोलावणं म्हणजे काय, हे न कळण्याइतके काका दूधखुळे नव्हते. फोन ठेवला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. रडू आलं असतं तर बरं, तेही येईना. त्यांनी शर्टाची वरची गुंडी काढली.

मग फोन उचलला, सकाळचा नंबर शोधला आणि लावला.

"मघाशी जरा गडबडीत होतो," काका म्हणाले. "त्या पाण्याच्या यंत्राचं सांगत होतात ना? सांगा आता. अगदी सावकाश सांगा."